शेवटचा परिच्छेद माझा होता

या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीवर संत्र्याची सालं वाळत घालत होते. ‘वाचण्याजोगी भूतकथा कशी असते, यावर तुमच्याइतक्या अधिकारानं कोण लिहिणार?’ असं त्यांनी लिहिलं होतं. अधिकार कसला, तर नागपूरच्या एका छापखान्यात बसून मी सतरा दिवाळ्या भुतांवर काढल्या. आमच्या छापखान्याचा एक दिवाळी अंक निघायचा, निव्वळ भयकथांचा. त्याच्यासाठी येणाऱ्या गोष्टी वाचायच्या, निवडायच्या आणि दुरुस्त करायच्या हे माझं काम. महाल भागातल्या आमच्या गल्लीत मला नावानं कोणी ओळखत नसे. ‘भुतंवाल्या बाई’ म्हटलं की पोस्टमन बरोबर दारात हजर. लग्नाच्या वयात हे नाव चिकटलं आणि पुढे ते प्रकरण आपोआप बारगळलं. मी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

आधी धंदा कसा चालायचा ते सांगते. आषाढापासून टपालानं गोष्टी यायला लागत आणि गणपतीपर्यंत माझ्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा उरत नसे. मी त्या वाचायची ती भर दुपारी. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर पडलेला, पलीकडे मशीन धडधडतंय, कोणीतरी चहासाठी हाका मारतंय, अशा गोंधळात जी गोष्ट मानेवर काटा आणील ती पास. रात्री काय, मोरीत पडलेलं भांडंही भीती घालतं.

लेखक एकेक नग. एक निवृत्त फौजदार होते, त्यांच्या भुताचा रीतसर पंचनामा असे. उंची, बांधा, वर्ण, अंगावरचे कपडे, शेवटी दोन साक्षीदार. हुडकेश्वरला तेव्हा सगळी शेतं होती, तिथल्या एक वहिनी दरवर्षी तीच गोष्ट नव्यानं लिहून पाठवायच्या, फक्त हडळीचं नाव बदलायचं. पुढे कळलं की ज्या वर्षी ज्या जावेशी भांडण होई, ती त्या वर्षी हडळ होई. आणि कन्हानच्या कोळसा खाणीतला एक हजेरी कारकून होता, त्याची गोष्ट मी अजून विसरले नाही. पाळीवर माणसं खाली उतरताना दिवे मोजून देतात आणि वर आल्यावर मोजून घेतात. त्याच्या गोष्टीत रोज एक दिवा जास्त परत येतो. बस, एवढंच. ती वाचली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि मी पाय खुर्चीवर ओढून घेतले होते. पण शेवटी त्यानं तो दिवा कुणाचा, तो कसा मेला, हे दोन पानं समजावून सांगितलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. मी ती दोन पानं कापली. त्यानं आभाराचं पत्र पाठवलं. अशानंच माणसाच्या डोक्यात हवा जाते.

माझे नियम ठरलेले होते. भूत हसता कामा नये. अमावास्या आली की गोष्ट बाजूला. आणि वर ‘सत्य घटना’ असं लिहिलेलं असेल तर पहिल्यांदा त्यावर लाल रेघ. दहातले नऊ लेखक ते लिहायचे आणि सोबतच्या पत्रात शपथाही घ्यायचे. ती पत्रं मी वाचायचं सोडूनच दिलं होतं. शेवटचा नियम आमच्या मालकांचा. त्यांना आम्ही दादासाहेब म्हणायचो. ते म्हणत, ‘‘शेवटी दणका पाहिजे बाई. वाचक अंक मिटून झोपला, तरी दचकला पाहिजे.’’ लेखकानं दणका दिला नसेल तर मी द्यायची. लेखकाला विचारायची पद्धत नव्हती. वेळही नसे, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. शेवटच्या परिच्छेदात माझा हात कोणी धरत नसे.

गोष्टी जुळवायचे देवाजी रामटेके. जुळवणं म्हणजे शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, खान्यातून उचलून उलट्या क्रमानं ओळीत बसवायचं. देवाजींचा हात इतका चालायचा की बघणाऱ्याला खिळे आपण होऊन उड्या मारतायत असं वाटे. सतरा वर्षं त्यांनी माझी भुतं जुळवली आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा देवासंग भुतंबी घराबाहेर काढले. मी नुसते खिळे जुळवतो, बाई.’’ पण गोष्टीची पारख माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती. एखादी गोष्ट जुळवताना ते मध्येच म्हणत, ‘‘इथं हात थांबला गा माह्या.’’ वर्षातून एखाद्याच वेळी असं व्हायचं. तिथे हात थांबला की मी समजायची, ही गोष्ट वाचणाऱ्याच्या घरी राहायला जाणार.

सत्तरच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. सावनेरजवळच्या खापा गावाहून एक पाकीट आलं. शाळेच्या वहीची चार पानं, जांभळ्या पेन्सिलनं लिहिलेली. लेखकाचं नाव गोविंदा निनावे, धंदा हातमागावर लुगडी विणणं. वर ‘सत्य घटना’ होतंच, त्यावर मी रेघ मारली. सोबत पत्र होतं, ते न वाचता तारेला अडकवलं.

गोष्ट साधी होती. विणकराच्या घरात बाप मागावर बसतो आणि बायका-पोरं चरख्यावर कांड्या भरतात. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली छोटी नळी. ती धोट्यात बसते आणि धोटा मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. या घरात कांड्या भरायची यमू नावाची अकरा वर्षांची मुलगी. ती गेली. कशानं गेली, ते लिहिलेलं नव्हतं. दुपारी चार वाजता शाळेतून आली की ती दप्तर टाकून आधी चरख्यावर बसायची, म्हणून यमूची आई अजून रोज चारच्या सुमारास अंगणाच्या दाराची साखळी काढून ठेवते. आणि रोज, चहा झाल्यावर बाप परत मागावर बसतो, तेव्हा टोपलीत एक कांडी भरलेली असते.

शेवट असा होता : ‘कोण भरते ते आम्ही एकमेकाला विचारत नाही. विचारलं तर कोणीतरी खरं सांगेल. मी ती कांडी धोट्यात घालतो आणि विणून टाकतो. तिचं सूत कोणत्या लुगड्यात गेलं ते मला माहीत असते. घेणाऱ्या बाईला नसते.’

देवाजींनी एवढं जुळवलं आणि खुर्चीला टेकले. ‘‘हात थांबला, बाई.’’

माझाही थांबायला हवा होता. पण कच्चं प्रूफ हातात आलं आणि मला वाटलं, दणका कुठाय? मी लाल पेन घेतलं, तो शेवट खोडला आणि समासात माझा लिहिला. खाली देते. लाज वाटते, पण देते.

‘यमूच्या आईनं साखळी काढली. उंबऱ्यात यमू उभी होती. तिच्या केसांतून नदीचं पाणी गळत होतं. “माय, मी किती वाट पाहून राह्यली. तू काहून येत नाई?” असं म्हणून तिनं आईचं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं, अंगणातून नदीपर्यंत दोघींची पावलं गेली होती. परतीचं पाऊल एकही नव्हतं.’

देवाजींनी प्रूफ दोनदा वाचलं. ‘‘पोरगी तर चांगली होती बाई. तुमी तिले काहून वाईट करून राह्यल्या?’’

‘‘देवाजी, हा भुतांचा अंक आहे, मुलांचा नाही,’’ मी म्हटलं. मला माझ्या उत्तराचं कौतुकही वाटलं. ते नवा शेवट जुळवायला लागले.

त्या दिवाळीला वाचकांची जेवढी पत्रं आली, त्यातली निम्मी या गोष्टीबद्दल होती आणि जवळजवळ सगळी शेवटच्या परिच्छेदाबद्दल. एका बाईंनी लिहिलं की त्या आठ दिवस अंगणाचं दार उघडू शकल्या नाहीत. दादासाहेबांनी ती पत्रं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. मी आपली मान खाली घालून हसत होते.

तुळशीचं लग्न होऊन गेलं आणि एका दुपारी एक माणूस छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सडसडीत, धोतर स्वच्छ धुतलेलं. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. चपला बाहेर काढून आत आला. मी म्हटलं बसा, तर खुर्चीच्या कडेवर बसला आणि फडकं सोडून आमचा अंक टेबलावर ठेवला.

‘‘मी निनावे. खाप्याचा.’’

मला वाटलं, कौतुक करायला आला. मी पत्रांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं हात लावला नाही.

‘‘बाई, एक इचाराचं होतं. तुमाले कसं मालूम पडलं?’’

‘‘काय?’’

‘‘नदीचं. मी तर नदीचं लिहलंच नव्हतं.’’

मला अजून तो क्षण तसाच्या तसा आठवतो. मशीन चालू होतं, तरी मला काही ऐकू येईनासं झालं. त्याची मुलगी नदीत बुडाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मैत्रिणींबरोबर कपडे धुवायला गेली होती. हे त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं. खापा कन्हान नदीच्या काठी आहे, एवढं मला भूगोलात शिकवलं होतं, म्हणून मी गोष्टीत नदी घातली होती.

तो हळूहळू सांगत गेला. अंक आला तेव्हा त्याला फार आनंद झाला. घरी बसून त्यानं बायकोला गोष्ट वाचून दाखवली, कारण तिला वाचता येत नाही. शेवट त्यानंही आधी बघितला नव्हता, वाचता वाचताच तोंडातून गेला. ‘‘नदी आली आन् ती उठलीच बाई. दाराले साखळी लावली. चरखा खाटेखाली ढकलला, वरून पोतं टाकलं. तवापासून चार वाजले का दाराकडं पाठ करून बसते. म्हणते, छापून आलं हाय, खोटं कसं असन? आपलीच पोरगी आपल्याले न्याले येते म्हणते. कोनती माय आपल्या पोरीले भेते, सांगा?’’

मग तो पुढे वाकला आणि आवाज खाली करून म्हणाला, ‘‘खरं सांगू? कांडी हीच भरत होती. मले मालूम होतं. म्हणून मी कधी इचारलं नाई. तिचं तेवढंच तर होतं. आता तेबी गेलं. घरात दोघं आहो, पन बोलाले काईच नाई उरलं.’’

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरंच विचारायला आला होता. त्याला वाटत होतं, छापणाऱ्यांना काहीतरी कळतं, जे खाप्याच्या माणसाला कळत नाही. मी म्हटलं, ‘‘निनावे, शेवटचा परिच्छेद माझा आहे. मी मनानं लिहिला.’’ त्याचा चेहरा कोरा राहिला. मग म्हणाला, ‘‘मी सांगन तिले. पन माह्यावर इस्वास नाई ठेवाची. तिच्याले वाटन मी समजूत काढून राह्यलो.’’

तो गेल्यावर मी तारेवरचं त्याचं पत्र शोधून काढलं. तीनच ओळी होत्या. ‘ही आमच्या घरची गोष्ट आहे. छापली तर यमूच्या आईला वाचून दाखवीन. तिला बरं वाटेल.’

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. छापखान्यात त्याआधी कधी रडले नव्हते. देवाजी आपल्या खान्यांपाशी उभे होते. ते फळीखाली वाकले आणि एक छोटं, सुतळीनं करकचून बांधलेलं पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. शिशाचं होतं म्हणून जड होतं. छोट्या छापखान्यात खिळे कायम कमी, म्हणून छापून झालं की ओळी मोडून खिळे परत खान्यांत टाकायचे असतात, आणि खोडलेल्या ओळी तर लगेच. देवाजींनी निनाव्यांचा मूळ शेवट मोडलाच नव्हता.

‘‘मले वाटलं, तुमी दुसऱ्या दिवशी म्हणान, देवाजी, जुनंच राहू द्या. मंग इसरलोच मोडाले,’’ ते म्हणाले. विसरले बिसरले काही नव्हते.

आम्ही त्या एका पानाची एकच प्रत छापली. माझा परिच्छेद काढून त्या ओळी तिथं बसवल्या, पायाच्या छोट्या मशीनवर एक कागद काढला, आणि देवाजींनी एका अंकाची शिलाई सोडून ते पान आत घालून पुन्हा शिवलं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्या वर्षीचा आमचा अंक अजून कोणाच्या माळ्यावर पडला असेल, तर त्यांना माझी विनंती आहे की त्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद फाडून टाका. गोष्ट त्याच्या आधीच संपते.

संपादकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या आठवड्यात मिळालं, ते इथेच सांगून टाकते. भीती घालणं काही अवघड नाही, मी ती दहा मिनिटांत घालून दाखवली होती. त्यानंतर गोष्टी निवडताना मी एकच बघायची, की गोष्टीतलं कोणी त्या भुताची वाट बघतंय का. कोणीतरी साखळी काढून बसलंय का. तसं असेल तर भूत आलं काय आणि नाही आलं काय, वाचणारा शेवटपर्यंत हलत नाही. दादासाहेबांना हे कधी पटलं नाही. पुढच्या वर्षांत दणके कमी झाले, खपही थोडा कमी झाला, आणि आमची रोज बोलाचाली होई.

तो नव्यानं शिवलेला अंक घेऊन मी त्याच आठवड्यात सावनेरवरून खाप्याला गेले, एकटीच. बस दोनच्या सुमारास पोचली. गल्लीत शिरल्यापासून दोन्हीकडून मागांचे खटके ऐकू येत होते. निनाव्यांच्या घरी मोठी एकच खोली, तिच्यात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, आणि पलीकडे स्वयंपाकाची पडवी. अंगणाच्या दाराला साखळी लावलेली होती. निनावे मला मागच्या बोळातून आत घेऊन गेले, तेव्हाच मला कळलं की हे दार आता घरच्यांसाठीही उघडत नाही.

यमूची आई, सरूबाई, भिंतीशी बसल्या होत्या. लहान चणीच्या, डोक्यावर पदर, डोळे खाली. मी नवा अंक काढला आणि मूळ शेवट वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला. मग म्हणाल्या, ‘‘आधीच्या पुस्तकात नदी होती. हेबी छापेल, तेबी छापेल. खरं कोनतं?’’

मी तयारी करून गेले होते, पण तिथं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, ‘‘नदी मी टाकली, सरूबाई. मी तुमच्या यमूला कधी पाहिलं नाही. ती कशी गेली ते मला माहीत नव्हतं. खापा नदीकाठी आहे, एवढ्यावरून टाकली.’’

‘‘काहून?’’

‘‘लोकांनी घाबरावं म्हणून.’’

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. ‘‘लोकाईले भेवाळाले माहीच पोरगी सापडली वं तुमाले?’’

मी हात जोडले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी कापत बसलेली बाई मी, कोणापुढं कधी वाकले नव्हते. त्यांनी माझे हात खाली केले. निनावे मागावर जाऊन बसले होते, पण पाय हलत नव्हते.

शेवटी सरूबाई म्हणाल्या, ‘‘चरखा काढा.’’

निनाव्यांनी खाटेखालून चरखा ओढला आणि पुसायला मागच्या बोळात नेला. ते बाहेर गेले तशा सरूबाई माझ्या कानाशी आल्या. ‘‘बाई, कांडी हेच भरत होते. मले पयल्यापासून मालूम होतं. म्या दाखवलं नाई. मानसाले तेवढंच सुख. पुस्तकात नदी आली, तवा वाटलं, हे नाई, तीच भरते, आन् आता मले न्याले आली. येडीच मी.’’

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तो म्हणत होता ती भरते, ती म्हणत होती तो भरतो. म्हणजे दोघांपैकी एकजण गुपचूप भरत होता आणि दुसऱ्याला कळू देत नव्हता. सगळी गाठ सुटली असं वाटून मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. भूतबीत काही नव्हतं, दोन माणसं होती. आता परत गेले की देवाजींना सांगायचं, तुमचंच खरं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

निनाव्यांनी चरखा खोलीच्या कोपऱ्यात पूर्वीच्या जागी मांडला, त्यावर सुताची लड चढवली, शेजारी रिकाम्या कांड्यांची टोपली ठेवली. सरूबाई मला म्हणाल्या, ‘‘साखळी तुमी काढा. तुमच्यामुळंच लागली.’’ साखळी घट्ट बसली होती. ती काढताना मलाच भीती वाटली आणि त्याची लाजही वाटली. दार उघडलं. बाहेर गल्ली, एक बांधलेली शेळी, आणि चारचं ऊन. बाकी कोणी नव्हतं.

मग चहा झाला. मला खाटेवर बसवलं, चरखा माझ्या पाठीमागे आला. एरवी या वेळी निनावे बाहेर हातपाय धुवायला जात आणि सरूबाई पडवीत चुलीपाशी असत. पण घरी पाहुणी आलेली, तिला एकटीला चहा प्यायला कसं लावायचं, म्हणून त्या दिवशी दोघंही माझ्यासमोर येऊन बसले. निनाव्यांच्या हातात बशी होती. सरूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. मी त्यांना छापखान्यातली काहीतरी गोष्ट सांगत होते.

माझ्या पाठीमागे लाकूड एकदा करकरलं. मग चरख्याचं चाक फिरायला लागलं.

मी बोलायची थांबले. निनाव्यांची बशी ओठांपाशी तशीच राहिली. त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याच वेळी सरूबाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. मग दोघांची नजर वर आली आणि एकमेकांवर थांबली. मागे चाक फिरत होतं आणि त्याबरोबर सूत गुंडाळलं जाण्याचा बारीक आवाज येत होता. वारा असेल म्हणावं, तर दारातल्या शेळीच्या पुढ्यातलं गवतसुद्धा हलत नव्हतं.

मला मागे वळता आलं असतं. नुसती मान फिरवायची होती. भीती वाटली, खोटं कशाला सांगू, हातातला चहा पायावर सांडला. पण ती दोघं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत नव्हती. ज्यांची पोर त्यांनी बघितलं नाही, मग मी कोण बघणार? मी समोर बघत राहिले.

चाकाचा वेग वाढला. सरूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घरात रोज बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, ‘‘हळू वं यमू. सूत तुटते.’’

चाक हळू झालं.